एका किल्लीची गाडी

नानांना गाडी चालवता येत होती का, हा प्रश्न या हकिगतीत बराच उशिरा येतो. गाडीविषयी बोलता येत होतं, याबद्दल मात्र ओळखीपाळखीत कुणालाच शंका नव्हती. तेही कुठल्याही गाडीविषयी नव्हे. एकाच जर्मन कारखान्यातून पिढ्यान्‌पिढ्या निघत आलेल्या त्या लांब, काळ्या, साहेबी मोटारीविषयी. कंपन्यांचे मोठे साहेब ती वापरत. मागच्या सीटवरचा माणूस नुसता खिडकीबाहेर बघत असला तरी काहीतरी मंजूर करतोय असं वाटायचं, अशी ती गाडी.

या मोटारीची वंशावळ नानांना मुखोद्गत होती. गोल दिव्यांची पिढी कधी संपली, चौकोनी दिव्यांची कधी लागली, चार सिलिंडरच्या गरीब शाखेत आणि सहा सिलिंडरच्या श्रीमंत शाखेत बाहेरून फरक काय, दोन दारांची चुलत शाखा मूळ घराण्यातून कुठे फुटली, पाठीमागे सामानाची खोली जोडलेली लांबुळकी बहीण कधी जन्मली, हे सगळं ते न अडखळता सांगत. बायकोच्या मावसभावांत थोरला कोण आणि धाकटा कोण, हे मात्र लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्यांना उमगलेलं नव्हतं. "मोटारीच्या माहेरचं सगळं ठाऊक आहे यांना," बायको म्हणे, "माझ्या माहेरचं तेवढं राहिलंय."

पेशाने नाना मोजणी कचेरीत अभिलेखपाल होते. जुने नकाशे, फाटकी रजिस्टरं आणि वाळवी यांच्यात त्यांचा जन्म गेला होता. 'कागदावर नाही ते जगात नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन कारकुनाला ते पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि दुसऱ्या दिवशी त्याची उलटी बाजू ऐकवत: 'जगात जे आहे ते कागदावर आलंच पाहिजे.' पहिल्या वाक्याने कुणाचं फारसं नुकसान झालं नाही. दुसऱ्याने काय केलं ते पुढे येईलच.

तर या सगळ्या विद्वत्तेचा उगम दादांपाशी होता. दादा म्हणजे नानांचे चौदा वर्षांनी थोरले भाऊ. एका मोठ्या कंपनीत मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते, पुरी तीस वर्षं. वडील लवकर गेले, आणि नानांच्या फीपासून बुटांपर्यंत सगळं त्या स्टिअरिंगच्या जोरावर झालं. गाडीबरोबर आलेली गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तकं साहेब बाजूला टाकत आणि दादा घरी आणत. नाना इंग्रजी वाचायला शिकले ते त्याच पुस्तकांवर. त्यामुळे त्यांना बरीच वर्षं इंग्रजीत 'आई आजारी आहे' म्हणता येत नव्हतं, पण 'मागील काच वितळवण्याची सोय' म्हणता येत होतं.

कंपनीला पन्नास वर्षं झाली आणि जुन्या नोकरांचा सत्कार ठरला. दादांना छापील कार्ड आलं, आणि ते घेऊन दादा नानांकडे आले. नानांनी ते आपल्या सवयीप्रमाणे तळापासून वर वाचलं. तळाशी बारीक अक्षरात होतं: 'मोटारीने येणाऱ्या निमंत्रितांनी मुख्य पोर्चमध्ये उतरावे. इतरांनी मागील फाटकाने यावे.'

"मागच्या फाटकानंच जाऊ," दादा म्हणाले. "मला तोच रस्ता पाठ आहे. पोर्चमध्ये साहेबांना सोडायचं आणि गाडी मागं घ्यायची. तीस वर्षं तेच केलं."

दादा हे अगदी सहज बोलले आणि चहाचा कप उचलला. नानांना मात्र ते जिव्हारी लागलं. ज्या माणसाने आपल्याला बोटाला धरून शाळेत नेलं, त्याने सत्काराच्या दिवशीही मागच्या फाटकाने जायचं? ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"दादा पोर्चमध्ये उतरणार," ते बायकोला म्हणाले. "त्याच गाडीतून. आणि मागच्या सीटवरून."

"आपल्याकडे गाडी नाही."

"तो तपशील आहे," नाना म्हणाले. सत्काराला सहा आठवडे होते.

गाडी घेणार म्हटल्यावर सल्ले आले. सोसायटीचे सेक्रेटरी विम्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जुनी गाडी आणि जुना दमा, एकदा घरात आला की माणसाबरोबरच जातो. भाड्यानं घ्या." वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाहेरून पांढरीशुभ्र दिसते हो, पण आत टोचून बघितल्याशिवाय कळत नाही. टोचून बघा." नानांनी दोघांचं ऐकून घेतलं. ज्यांना चौकोनी दिव्यांचं साल सांगता येत नाही अशा माणसांचं जेवढं ऐकायचं असतं, तेवढंच ऐकलं.

गाडी एका फर्निचरच्या व्यापाऱ्याकडे मिळाली. गोदामात, उलट्या मांडलेल्या खुर्च्यांच्या मागे ती उभी होती. डिकीवर सहा सिलिंडरचा चकचकीत बिल्ला होता. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दीड तास त्या व्यापाऱ्याला त्याचीच गाडी समजावून सांगितली.

"ही सहा सिलिंडरची, पेट्रोलवरची, श्रीमंत शाखेतली."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," व्यापारी म्हणाला.

"पिढी मधली. नवं तोंड बसवण्याच्या आधीची."

"वा! मला कुठं माहीत होतं?"

हे त्याने अगदी खरं सांगितलं, पण नानांनी तो विनय समजला. नोंदणीपुस्तकात इंधनाच्या रकान्यावर चहाचा गोल डाग पडला होता. एरवी अशा डागाखाली काय आहे हे भिंग लावून बघितल्याशिवाय नाना सही करत नसत. इथे त्यांनी ते वंशावळीवरून ठरवलं. "बॉनेट उघडून बघता का?" असंही व्यापाऱ्याने विचारलं. नाना नुसते हसले. गाडी चालू केली तेव्हा तिचा पिठाच्या गिरणीसारखा खडखडाट झाला. 'सहा सिलिंडरला तापायला वेळ लागतो,' हा खुलासाही नानांनीच केला. व्यापाऱ्याने मान डोलावली. उभ्या जन्मात त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नसेल.

घोटाळा पंपावर उघडकीला आला. नानांनी काच खाली करून ऐटीत पेट्रोल सांगितलं. पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "काका, ही डिझेलची आहे."

"शक्य नाही," नाना म्हणाले. "मागचा बिल्ला वाचा."

"बिल्ल्यात कुठं भरू? टाकीत भरायचंय ना?"

मागे सात गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या साक्षीने नानांनी त्या माणसाला श्रीमंत शाखेचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्याने शांतपणे झाकणाच्या आतला भाग दाखवला. तिथे 'डिझेल' अशी अक्षरं होती. कारखान्याने स्वतः कोरलेली. नाना उतरून दोन वेळा वाचून आले आणि गाडी थेट मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री बोलायला मोजका होता. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, बॉनेट उघडलं, लावलं, आणि हात पुसत म्हणाला, "छान आहेत."

"आहेत?"

"गाड्या. तीन तरी आहेत. तोंड एकीचं, मागचा भाग दुसरीचा, इंजिन टॅक्सीतलं. जोडकाम मात्र झकास केलंय कुणीतरी. अजून दहा वर्षं मरण नाही."

"आणि बिल्ला?" नानांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बिल्ला अस्सल आहे."

जाता जाता मिस्त्रीने एक सूचना दिली. स्टार्टर जुना होता. गाडी तापलेली असताना बंद केली की तो रुसायचा, आणि अर्धा तास झाल्याशिवाय ती पुन्हा चालू व्हायची नाही. "निघालात की पोचेपर्यंत कुठं बंद करायची नाही. एवढं सांभाळा."

त्यानंतरचे दोन दिवस नानांनी घरात मोटारीचा विषय काढला नाही. बायकोला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटू लागली. तिने मुद्दाम विचारलं, "ते चौकोनी दिवे कधी आले म्हणालात?" नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "काय फरक पडतो?" तिने लगेच शिरा केला. तिसऱ्या दिवशी मात्र नाना ताजेतवाने उठले. गाडी तीन शाखांची असेल तर तिन्ही शाखांची दखल घेतली पाहिजे, एवढंच. काहीतरी लिहायला मिळालं की नाना सावरत.

गाडी नावावर करायचा एक साधा अर्ज असतो. त्यात 'वाहनाचे वर्णन' असा दोन बोटं रुंदीचा रकाना असतो. साधी माणसं त्यात 'काळी मोटार' लिहून मोकळी होतात. नानांनी लिहिलं, 'सोबतचे परिशिष्ट पाहावे.' परिशिष्ट सतरा पानांचं होतं. त्यात घराण्याचा इतिहास होता, तीन शाईंत काढलेली वंशावळ होती, आणि आपल्या गाडीचा कुठला अवयव कुठल्या शाखेतून आला याचा पुरावा होता.

नोंदणी कचेरीत खिडकीतल्या बाईंनी ते चाळलं. "काका, माझं सर्व्हिस बुकसुद्धा एवढं जाड नाही हो."

"काही लपवलेलं नाही त्यात," नाना अभिमानाने म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवड्याने घरी तीन पत्रं आली. एक 'वाहन पहिले, पुढील भाग' याविषयी, एक 'वाहन दुसरे, मागील भाग' याविषयी, आणि एक 'वाहन तिसरे, इंजिन' याविषयी. अर्जदाराने स्वतःच तीन वाहनं असल्याचं लेखी दिलेलं असल्यामुळे तिन्ही वाहनं तपासणीसाठी वेगवेगळ्या दिवशी हजर करावीत, आणि प्रत्येकासाठी जागा असल्याचा सोसायटीचा दाखला जोडावा.

सोसायटीचा नियम एका घराला एक गाडी. सेक्रेटरी दाखल्याऐवजी नोटीस घेऊनच वर आले.

"दोन जादा गाड्या हलवा."

"कुठं आहेत त्या? तुम्हीच दाखवा मला!"

"कागदावर आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

ज्या वाक्याच्या जिवावर त्यांनी तीस वर्षं लोकांना कचेरीतून परत पाठवलं, ते वाक्य त्यांच्याच दारात चप्पल काढून उभं होतं.

नंतरच्या तीन आठवड्यांत नाना पाच वेळा त्या कचेरीत गेले. नाना चिडत नव्हते, ही खरी अडचण होती. फाईल बघून ते खूश होऊन घरी येत. "काय सुरेख लावलीय! तिन्ही पत्रांना उलटसुलट संदर्भ दिलेत. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

"मग भोगा," बायको म्हणाली.

सत्कार दोन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी नानांनी सत्काराचं कार्ड काढलं, तळाची ओळ पुन्हा वाचली, आणि कार्ड हातात धरून तसेच बसून राहिले. वंशावळीचं काही वाटत नव्हतं आता. दादांना आपण एक साधी गोष्ट देऊ शकत नाही, एवढंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पर्स उचलली. "चला. आज मी बोलते."

खिडकीशी जाऊन ती पाच मिनिटं बोलली. दादा कोण, त्यांनी काय केलं, कार्डावर खाली काय लिहिलंय, उद्या काय आहे. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी नानांकडे बघितलं.

"काका, सतरा पानं लिहिलीत. यात हे कुठंच नाही?"

"गाडीच्या वर्णनात ते बसत नव्हतं," नाना म्हणाले.

बाईंनी तिन्ही फायली एकावर एक ठेवल्या आणि विचार केला. "किल्ल्या किती आहेत गाडीला?"

"एक."

"दाराला, डिकीला, चालू करायला?"

"सगळ्याला तीच. इतर दोन शाखांची कुलपं कुणीतरी बदललेली दिसतात. तो भाग परिशिष्टात पान चौदावर—"

"राहू दे." बाईंनी वरच्या फायलीवर एक ओळ लिहिली: 'तिन्ही वाहने एकाच किल्लीने चालू व बंद होतात. सबब एक वाहन समजावे.' फायली आत साहेबांकडे गेल्या, आणि सही-शिक्का होऊन अर्ध्या तासात बाहेर आल्या. त्या ओळीकडे नाना बराच वेळ बघत राहिले. आपल्या सगळ्या नोकरीत आपल्याला असं एक वाक्य सुचलं नाही, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

"आणि परिशिष्ट घरी न्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी गाडी दादांच्या दारात नेऊन, इंजिन चालूच ठेवून, उभी केली. दादांना काहीच सांगितलेलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. मग खाली उतरून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्डवरून हात फिरवला.

"तोंड आधीचं, पाठ नंतरची," ते म्हणाले. "बिल्ला पेट्रोलचा, आवाज डिझेलचा."

नानांचा चेहरा उतरला. "फसलो, दादा."

"कशानं फसलास? साहेबांच्या गाडीचं मागचं दार मी स्वतः भंगारातून आणून बसवलं होतं. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"त्या गाडीचं? पण पुस्तकात तर—"

"पुस्तक विकणाऱ्याचं असतं रे. गाडी चालवणाऱ्याची." दादांनी बॉनेटवर थाप मारली. "चांगली आहे. कुठं बसू?"

नानांनी मागचं दार उघडून धरलं. दादा आणि नानांची बायको मागे बसले, नाना पुढे. 'मिस्त्रीनं सांगितलंय, मध्ये कुठं बंद करायची नाही' हे नानांनी दोनदा बजावलं, आणि गाडी निघाली.

आता तो प्रश्न. नानांकडे लायसन होतं. ते काढल्यापासून त्यांनी जपून ठेवलं होतं आणि फारसं वापरलं नव्हतं. पहिल्या वळणाला गाडी फुटपाथला विचारून आली. दुसऱ्या चौकात नानांना गिअर सापडला तोवर सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. पाठीमागे त्यांना जाणवत होतं: प्रत्येक ब्रेकच्या वेळी दादांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली जोरात दाबला जात होता. आरशात दादांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"नाना," अखेर ते म्हणाले, "जरा बाजूला घे. बंद करू नकोस, नुसती उभी कर."

"का रे? बरं वाटत नाहीये?"

"मागून तुझं टक्कल सोडून काही दिसत नाही. ऊठ."

"दादा, तू मागेच बसायचंस!" नानांचा आवाज चढला. "तीस वर्षं तू पुढे बसलास. आज तरी—"

दादा आधी हसले, मग त्यांना नानांचा चेहरा दिसला आणि ते थांबले. "एवढ्यासाठी केलंस होय हे सगळं? अरे, मागच्या सीटचं मला काय अप्रूप! साहेब वर मीटिंगला गेले की दुपारी दोन ते चार ती सीट माझीच होती. तिथंच डबा खायचो, तिथंच झोपायचो. साहेब बसले नसतील तेवढा मी बसलोय तिथं."

सहा आठवडे, सतरा पानं, तीन फायली. बायको खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

"मग तुला काय पाहिजे होतं रे?" नानांनी विचारलं.

"चालवू दे," दादा म्हणाले. ते पुढे बसले, सीट मागे सरकवली, आणि तीन घराण्यांची ती गाडी एकाएकी एका घराण्याची झाली. खडखडाट तोच होता, पण आता तो शिस्तीत येत होता. नाना मागे बायकोशेजारी बसले आणि पहिल्यांदाच त्यांना त्या गाडीत बोलावंसं वाटलं नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने गाडी बघितली, कार्ड न बघताच सलाम ठोकला आणि पोर्चकडे हात केला. पोर्चमध्ये दुसऱ्याने धावत येऊन मागचं दार उघडलं. "यावं साहेब!" नाना ओशाळून उतरले. "साहेब पुढे आहेत," ते म्हणाले. त्याला ते समजलं नाही. तो खिडकीपाशी वाकून दादांना म्हणाला, "चला, गाडी मागं घ्या. मागं लाईन लागलीय."

दादांनी समोर बघितलं. तोच रस्ता होता, पोर्चमधून निघून इमारतीला वळसा घालून मागे जाणारा. त्यांचा हात किल्लीकडे गेला.

"दादा, बंद करू नकोस!" नाना ओरडले. "तापलीय! मिस्त्रीनं—"

"ऐकलंय. सकाळी तूच दोनदा सांगितलंस," दादा म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवली.

खडखडाट थांबला. दादा उतरले, दार लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"अहो, गाडी मागं—"

"हलणार नाही ती," दादा म्हणाले. "अर्धा तास." आणि पायऱ्या चढू लागले. तीस वर्षांत या पोर्चमध्ये त्यांनी हजारो वेळा गाडी उभी केली होती, पण इंजिन बंद करायची त्यांना एकदाही मुभा मिळाली नव्हती. मागे आताच्या मोठ्या साहेबांची नवीकोरी गाडी अडकली होती. कितवी पिढी ते नानांना एका नजरेत कळलं, पण त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. साहेब फाटकापाशीच उतरले आणि चालत आले.

सभागृहात पहिल्या रांगेत बसल्यावर दहा मिनिटांनी लाऊडस्पीकरवर आवाज आला, "पोर्चमधली काळी मोटार कुणाची आहे? मालकांनी कृपया भेटावं." नानांनी दादांकडे बघितलं. दादा समोर बघत होते. पुन्हा घोषणा झाली. नाना उठू लागले तशी बायकोने त्यांची बाही धरली. तिसऱ्या वेळी दादा सावकाश उभे राहिले, सगळ्या सभागृहाने बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "माझी आहे."

नोंदीप्रमाणे हे साफ चूक होतं. गाडी नानांच्या नावावर होती, आदल्याच दिवसाचा शिक्का होता. नानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

पण चुकीची नोंद तशीच ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच ते त्या खिडकीपुढे उभे होते, हातात नवा अर्ज. बाईंनी आधी अर्जाच्या मागे बघितलं, मग नानांच्या काखेत बघितलं.

"परिशिष्ट?"

"नाही," नाना म्हणाले.

मालकाच्या रकान्यात दादांचं पूर्ण नाव होतं, सुवाच्य अक्षरात. आणि वाहनाच्या वर्णनात दोनच शब्द होते: काळी मोटार.